तो वेळ आणि ती वेळ

गेल्या पावसाळ्याच्या आधी आत्या आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आली होती. गुडघ्याचं दुखणं. तिकडच्या डॉक्टरांनी "एकदा शहरात दाखवून घ्या" म्हटलं, म्हणून इथल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे नंबर लावला. साडेदहाची वेळ मिळाली. आम्ही सव्वादहाला जाऊन बसलो. आत बोलावलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि चिठ्ठी हातात घेऊन बाहेर आलो तेव्हा एक वाजून चौदा. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "काय गं, समाधान झालं का?" आत्याने पदर सारखा केला आणि म्हणाली, "वेळ दिली रे त्यांनी. वेळ नाही दिला."

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. मीही बघतच राहिलो. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. पण आमच्या तीन तासांच्या ताटकळण्याचा आणि चार मिनिटांच्या तपासणीचा सगळा पंचनामा तिने एका वेलांटीत आणि एका कान्यात उरकला होता. तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून आहे. ते नीट उलगडून बघावं, एवढाच या लिहिण्याचा हेतू.

मराठीत 'वेळ' दोन लिंगांनी चालतो. बराच वेळ गेला, फार वेळ लागला, वेळ मिळाला नाही, वेळ काढला, वेळ वाया घालवला: हा सगळा तो. जेवणाची वेळ झाली, वेळ आली, टळली, चुकली, साधली, पाळली, कशीबशी मारून नेली: ही सगळी ती. त्याला लांबी असते, तिला जागा असते. तो लागतो, ती लागत नाही, ती येते. तो पुरतो, कमी पडतो, उरतो. ती एक तर गाठता येते किंवा हुकते. अर्धी गाडी चुकली असं जसं होत नाही, तशी अर्धी वेळ चुकली असंही होत नाही.

प्रत्यय लागला की दोघांची चाल वेगळी पडते. "थोड्या वेळाने येतो" हा तो, आणि "वेळेवर ये" ही ती. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला माणूस "वेळात वेळ काढून या" म्हणतो आणि पायरी उतरता उतरता मागे वळून सांगतो, "आणि वेळेत या हं!" पहिल्यात त्याला आपल्या दिवसाचा एक तुकडा हवा असतो. दुसऱ्यात तो तुकडा नेमक्या ठिकाणी आणून ठेवायचा असतो. नुसता तुकडा मिळाला आणि अक्षता पडून गेल्या, तर त्या तुकड्याला पंगतीखेरीज काही अर्थ उरत नाही.

सगळ्यात मोठी गंमत अनेकवचनात आहे. तिचं अनेकवचन होतं: औषधाच्या वेळा, गाड्यांच्या वेळा, दहा वेळा सांगितलं. त्याचं होत नाही. खूप वेळ असला तरी तो एकच. म्हणजे तो पाण्यासारखा, पिठासारखा मापायचा, आणि ती माणसांसारखी एकेक करून मोजायची. "आमची तीन वेळा भेट झाली" आणि "आम्ही तीन तास भेटलो" यांतलं कुठलं मोठं, हे मापून ठरत नाही, कारण दोन्हींची मापंच निराळी.

इथे स्वतःलाच जरा आवरायला हवं. मराठी लिंगांवर फार भार टाकू नये. टेबल ते, खुर्ची ती आणि पंखा तो. यामागे तत्त्वज्ञान हुडकायला गेलं तर माणूस वेडा होईल. पण इथे एकाच शब्दाचे अर्थ दोन आहेत, आणि लिंग बदलल्याशिवाय ते वेगळे होत नाहीत. शाळेचं तोंड न पाहिलेलं माणूसही यात चुकत नाही. (इंग्रजी माध्यमातली आमची नात मात्र "आजोबा, मला वेळच नाही मिळाली" म्हणते. मी सुधारतो. ती "तेच ते" म्हणून पळते. तेच ते नाही, पण हे तिला सांगायला ती थांबायला तर हवी.) आणि ती जुनी म्हण आठवा: काळ आला होता पण वेळ आली नव्हती. काळाने दार ठोठावलं तरी आत यायला त्याला वेळेची परवानगी लागते. इतकी ही वेळ जबरदस्त.

संस्कृतातल्या 'वेला' शब्दाला वेळेबरोबरच आणखी अर्थ आहेत: मर्यादा, समुद्राचा काठ, भरती. गोव्यात कोकणी बोलणारा माणूस समुद्रकिनाऱ्याला आजही 'दर्यावेळ' म्हणतो. हे कळल्यावर मला दोन वेळांचं नातं एकदम डोळ्यांपुढे दिसलं. तो म्हणजे पाणी, सतत हलणारं, न थांबणारं. ती म्हणजे पाणी जिथे येऊन टेकतं ती रेघ. नुसत्या पाण्यात रेघ नसते. ती काठावर उमटते.

आत्याला मी हे कौतुकाने सांगितलं, तर तिला त्यात नवल वाटलं नाही. तिचं माहेर आणि सासर दोन्ही खाडीकाठी. लहानपणी बाजाराला जायचं म्हणजे तरीतून पलीकडे जायचं. भरती असली तर तर थेट धक्क्याला लागायची. ओहोटीला अलीकडेच थांबायची आणि मग गुडघाभर चिखल तुडवायचा, डोक्यावर टोपली घेऊन. घरात घड्याळ नव्हतं, पण तिथी सगळ्यांना तोंडपाठ. किनाऱ्यावर एक सोपा हिशेब चालतो: तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक मागे रेंगाळतो, त्यावर बसवलेला हा ठोकताळा. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण टोपली भिजत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. "तरीला वेळ किती लागायचा?" मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "लागेल तेवढा," ती म्हणाली. तिच्या लेखी विचारायची गोष्ट ती नव्हतीच. तर सुटायची कधी, हे माहीत असलं की झालं.

म्हणून जुन्या माणसांना तो वेळ मोजताच येत नव्हता असं समजायचं कारण नाही. त्यांनी तो फार बारकाईने मोजला. घटिकापात्र घ्या. तांब्याची छोटी वाटी, बुडाशी बारीकसं भोक. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायची. भोकातून पाणी थेंबाथेंबाने आत चढतं, वाटी जड होत जाते आणि 24 मिनिटांनी डुबकन बुडते. ती एक घटका. अहोरात्रीत अशा 60 घटका. घटकेची 60 पळं, म्हणजे पळ 24 सेकंदांचं. पळाची पुन्हा 60 विपळं. एवढी मोजदाद कशासाठी? लग्नाच्या मांडवात जोशीबुवा त्या वाटीकडे डोळे लावून बसायचे ते किती पाणी भरलं हे टिपून ठेवायला नव्हे. वाटी बुडायच्या त्या क्षणासाठी. तो मापायचा, कारण ती गाठायची होती. पाणी हे साधन, बुडणं हे साध्य.

ते पात्र गेलं, पण त्याचं पाणी भाषेत राहिलं. "घटकाभर बस" असं म्हणताना कुणाच्या मनात 24 मिनिटं नसतात. पापं करणाऱ्याची "घटका भरली" म्हणतो तेव्हा मात्र ती वाटी अजून बुडताना दिसते. आणि अंथरुणाला खिळलेला माणूस शेवटच्या घटका मोजत असतो, मिनिटं नाही.

मंगलाष्टकं संपताना 'सावधान' म्हणतात, तोही याच वाटीचा पुकारा. लक्ष द्या, वेळ आली. हा शब्द खऱ्या अर्थाने ऐकलेला एकच नवरदेव आपल्याला ठाऊक आहे. आख्यायिका अशी की जांब गावचा नारायण तो ऐकून बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला. बाकीचे आपण सावधान ऐकतो आणि कॅमेऱ्याकडे बघतो.

लग्नाच्या वेळांतली मला सर्वांत आवडते ती गोरज. दिवसभर चरून गुरं घरी परततात, त्यांच्या खुरांनी उडालेली धूळ तिरप्या उन्हात सोनेरी दिसते, ती वेळ. तिला आकडा नव्हता. धूळ दिसली की झाली. आता पत्रिकेवर छापलेलं असतं: 'गोरज मुहूर्त, सायंकाळी 6 वाजून 43 मिनिटांनी'. गुरं नाहीत, धूळ आहे ती बायपासवरच्या ट्रकची, आणि नवरदेवाची वरात साडेसातला डीजेसकट कार्यालयाच्या फाटकाशी नाचत असते. 43 व्या मिनिटाची एवढी कसोशी, आणि पाऊण तासाच्या उशिराचं कुणाला काही नाही! याला ढोंग म्हणावंसं वाटतं, पण तसं ते नाही. ती हातातून सुटली की माणूस तिच्या जागी आकडा छापतो, एवढंच.

जिथे ती अजून सुटलेली नाही अशी एक जागा म्हणजे पेरणीचं शेत. लातूरकडे माझा एक मित्र सोयाबीन करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागलं की त्याचा जीव टांगणीला. पाऊस पडला म्हणून पेरणी होत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतो. तेवढा झाला तरी लगेच रान हाती येत नाही. चिखल असतो. मग एक-दोन दिवस उघडीप मिळाली की जमिनीत वाफसा येतो: ओल आहे पण चिकटत नाही, माती मोकळी आहे पण कोरडी नाही. मित्र मूठभर माती घेऊन तिचा गोळा वळतो आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडतो. तसाच राहिला तर थांबायचं. पडताच फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, तिफण असो की ट्रॅक्टर, आत घालायचा. ही अवस्था भारी काळ्या जमिनीत दोन-चार दिवस टिकते. वरून ऊन कडक असलं तर त्याहून कमी. ती हुकली तर पुढच्या पावसापर्यंत थांबा. घाई केली तर बी कुजतं किंवा उगवून करपतं आणि दुबार पेरणी कपाळी येते. या माणसाला "तुझ्याकडे वेळ किती आहे" विचारण्यात अर्थ नाही. मे महिनाभर त्याच्याकडे वेळच वेळ होता. त्याचा काय उपयोग? लोणचं घालता येत नाही त्याचं.

घरातल्या स्वयंपाकघरातही ती तग धरून आहे. पाक किती मिनिटं उकळायचा हे माझ्या आईने कधी सांगितलं नाही. एकतारी आला की उतरव, एवढंच. डाळ तीन शिट्ट्यांची, छोले सहा. शिट्टी हे काही कुठल्या घड्याळातलं माप नाही, पण महाराष्ट्राचा निम्मा स्वयंपाक तिच्यावर चालतो.

मग तो इतका मोठा झाला कधी? मुंबईकडे बघितलं की याचं बरंचसं उत्तर मिळतं. 1 जानेवारी 1906 पासून देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरची. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती. एका रेखांशाला सूर्य चार मिनिटं घेतो. मुंबई त्या रेषेच्या पावणेदहा अंश पश्चिमेला. हिशेब 39 मिनिटांचा. म्हणजे मुंबईच्या माणसाला घड्याळात बारा वाजलेले दिसतात तेव्हा त्याच्या डोक्यावरचा सूर्य सरासरी 39 मिनिटं मागे असतो. मुंबईला हे मानवलं नाही. गिरणीत जाणाऱ्याला सूर्याच्या हिशेबाने तेवढं लवकर उठावं लागणार होतं, आणि त्यावरून गिरणगावात असंतोष झाला. शहराने आपली जुनी 'मुंबई टाइम' बरीच वर्षं सोडली नाही; काही ठिकाणी ती 1955 पर्यंत चालली. आमच्या घरातल्या एका जुन्या पत्रिकेवर मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.', म्हणजे स्टँडर्ड टाइम, असं छापलेलं आहे. एकाच शहरात दोन घड्याळं असली की कुठल्या घड्याळावर मंगलाष्टकं, हे सांगावंच लागणार.

त्याच मुंबईत राजाबाई टॉवर आहे. 1878 मध्ये पुरा झाला, उंची 280 फूट. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि आईचं नाव दिलं. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नसे, आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचं असे. टॉवरच्या ठोक्यांवरून त्यांना ती वेळ कळे. गोष्ट खरी असो नसो, मला ती पटते. सगळ्या शहराला तो वाटून देण्यासाठी उभं राहिलेलं घड्याळ, आणि त्याच्या पायाशी एका म्हाताऱ्या बाईची ती. घटिकापात्राचंच काम, फक्त 280 फूट उंचीवरून.

गिरणीचा भोंगा मात्र वेगळा. तो जेवणाची वेळ झाली म्हणून वाजत नव्हता. तो वाजला म्हणून जेवणाची वेळ होत असे. कामगाराच्या खोलीत घड्याळ नसे. उशीर झाला तर खाडा पडेल या धास्तीने माणसं रात्र सरायच्या आत येऊन दरवाजाबाहेर पाय मुडपून झोपत. ती पुरी मालकाच्या हातात गेली होती, आणि कामगाराकडे विकायला उरला होता फक्त तो.

इथवर आल्यावर आपण साहजिकच तिच्या बाजूचे होतो. खाडी, गोरज, वाफसा, सगळं कसं सुंदर. घड्याळ तेवढं दुष्ट. मीही बरेच दिवस असंच समजत होतो. पण कामगारांचा इतिहास वाचला की हे समीकरण मोडतं. ज्याला फक्त ती आहे आणि तो मोजायची सोय नाही, त्याला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबवता येतं, आणि दिवे आले की मावळल्यानंतरही. 1881 च्या कारखाना कायद्याने पहिल्यांदा म्हटलं की सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. नऊ तास, सात वर्षांचं मूल! तरीही तो आकडा म्हणजे एक भिंत होती. पुरुषांच्या तासांना भिंत यायला 1911 उजाडलं, आणि तेव्हाही ती गिरणीतल्या बारा तासांची. आठवड्याला 48 तास हे 1946 चं. हे सगळं त्यानेच मिळवून दिलं. मापता आला म्हणून मागता आला.

आणि मग नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे. गिरण्यांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून ते काही वर्षं झगडले आणि 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ही सुट्टी मागताना रविवार हा खंडोबाचा वार, हे कारण त्यांनी पुढे केलं असं सांगितलं जातं. मला यातली हुशारी फार मोठी वाटते. नुसते चोवीस तास मागितले असते तर मालकांनी ते चोवीस तास कुठेही टाकले असते, आज याला, उद्या त्याला. खंडोबाचा वार म्हटल्यावर तो तुकडा एका जागी पक्का झाला, सगळ्यांचा एकदम, घरच्या माणसांसकट. लोखंड्यांनी तो आणि ती दोन्ही एकाच अर्जात मागून घेतले. आपण आज रविवारी उशिरापर्यंत लोळतो ते त्यांच्या जिवावर, आणि किती जणांना त्यांचं नाव माहीत असतं?

अठरा वर्षांनी याच गिरणगावाने उलटा हिशेब करून दाखवला. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, वर्षाला एक दिवस. रोजावर जगणारी माणसं. प्रत्येक दिवस चुलीतून काढलेला. एका माणसाच्या हिरावलेल्या सहा वर्षांसाठी त्यांनी आपले सहा दिवस बाजूला काढले, आणि त्या दिवसांची वेळ झाली. पगारपत्रकात ते सहा दिवस शून्य असतील.

आता आपल्याकडे येऊ. कामगारांनी झगडून मिळवलेला तो आज आपल्या हातात आहे, नाही म्हणायचं कारण नाही. वॉशिंग मशीनने दोन तास वाचवले, मिक्सरने एक, बँकेची रांग फोनमध्ये गेली. एवढा वाचलेला वेळ जातो कुठे, हा प्रश्न प्रत्येक पिढी विचारते आणि फोनकडे बोट दाखवून गप्प बसते. फोनची तक्रार मला करायची नाही. ती करणारे लेखही लोक फोनवरच वाचतात. मला एवढंच दिसतं की रात्री अंथरुणावर पडून मी तासभर अंगठा वर सरकवत राहतो तेव्हा तो भरपूर जातो, पण ती एकही येत नाही. सकाळी त्या तासातलं काही आठवत नाही. आठवायला रेघ लागते, आणि त्या तासाला काठच नव्हता. उलट आत्याला सत्तर वर्षांपूर्वीची एक तर आठवते, जी चुकली म्हणून तिला मावशीच्या घरी रात्र काढावी लागली होती आणि मावशीने कुळथाचं पिठलं केलं होतं.

आपण वेळ 'घालवतो'. ही क्रिया मला आधी बरी वाटायची नाही. हरवणं, उधळणं असं काही त्यात ऐकू यायचं. पण कोकणात पाहुणा परत निघाला की त्याला पोचवायला जाण्यालाही 'घालवायला जाणं' म्हणतात. फाटकापर्यंत, वडापर्यंत, स्टँडपर्यंत, ज्याची त्याची ओढ असेल तितकं लांब. या अर्थाने वेळ घालवला म्हटलं तर त्यात बरोबर चालणं आलं.

आत्या परत निघाली तेव्हा मी तिला घालवायला एसटी स्टँडवर गेलो. दुपारी दीडची गाडी. दोन वाजले, सव्वादोन झाले. चौकशीच्या खिडकीत "येईल" एवढंच उत्तर. मी तीनदा फोन काढून बघितला आणि तीनदा खिशात ठेवला. आत्या पिशवीवर हात ठेवून निवांत बसली होती. समोरच्या बाकावर एक बाई शेंगा सोलून नातवाच्या हातावर ठेवत होती.

गाडी आली. मी जागा धरून दिली, पिशवी वर टाकली, खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो. आत्या बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती.

"काय गं?"

"आज सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच," ती म्हणाली. "सव्वापाचला भरती. भांगाचं पाणी, फार चढायचं नाही."

त्या खाडीवर पूल होऊन वीस वर्षं झाली. तर कधीच बंद पडली. एसटी पुलावरून थेट तिच्या आळीच्या तोंडाशी जाते. कंडक्टरने दोनदा घंटी ओढली आणि गाडी हलली, तरी ती खिडकीतून मला हाताने दाखवत होती, पाणी पायरीच्या कितव्या दगडापर्यंत येईल ते.